आजोबांच्या ट्रंकेत ग्रेनेड सापडला, आता काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. साताऱ्याकडचा तुमचा जुना वाडा पाडायला काढलाय. माळा रिकामा करताना आजोबांची काळी ट्रंक निघाली. आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. ट्रंकेत मेडलं, डिस्चार्ज बुक, लष्करी ब्लँकेट, आणि ब्लँकेटच्या घडीत अननसासारखे चौकोन असलेला एक लोखंडी गोळा. त्याला बाजूने पट्टी आणि वर कडी. शिवाय एक पितळी नळकांडं आणि पंधरा-वीस काडतुसं. मामा म्हणतात, कृष्णेत टाकून मोकळे व्हा. भाऊ म्हणतो, पोलिसांत गेलो तर आपल्यावरच केस होईल. सोमवारी मजूर येणार आहेत. आणि तुम्ही विचारलंय की हा गोळा जिवंत आहे की मेलेला, हे घरच्या घरी कसं ओळखायचं.

मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात होतो. नोकरीची शेवटची तेरा वर्षं बॉम्ब निकामी करण्याच्या कामात गेली. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. घरच्या घरी ओळखायचं नाही. मी स्वतः तुमच्या माळ्यावर उभा असतो तरी नुसतं बघून सांगितलं नसतं. तुमचं काम एवढंच की ती ट्रंक आत्ता जिथे आणि जशी आहे, तिथे आणि तशीच राहील हे बघणं. झाकण उघडं असेल तर उघडं राहू द्या. गोळा ब्लँकेटवर असेल तर ब्लँकेटवरच राहू द्या, "परत नीट गुंडाळून ठेवू" असंही करू नका. आणि हे पुढचं वाचण्याआधी ठेकेदाराला फोन करून सोमवारचं काम थांबवा.

आता कारणं सांगतो. कारण कळलं की माणूस मोहाला बळी पडत नाही, हा माझा अनुभव आहे.

प्रत्येक घरात एक वाक्य ऐकू येतं, तुमच्या मामांनीही तेच म्हटलंय: "ऐंशी वर्षांत काही झालं नाही, आता काय होणार?" ऐंशी वर्षांत काही झालं नाही कारण ऐंशी वर्षांत ते कुणी हलवलं नाही. ते माळ्यावर, कोरड्या जागी, ब्लँकेटच्या घडीत निवांत पडून होतं. आता वाडा पाडणार म्हणजे माळ्यावर पाच-सहा माणसं चढणार, ट्रंक ओढली जाणार, जिन्यावरून खाली आपटत उतरणार. ती वस्तू तीच राहील, पण तिची परिस्थिती बदलली. आमच्या कामात वस्तूच्या वयापेक्षा परिस्थितीतला हा बदल जास्त बघितला जातो.

तुमच्या वर्णनावरून तो छत्तीस नंबरचा ग्रेनेड वाटतो. मूळ नमुना 1915 मध्ये इंग्लंडात विल्यम मिल्स यांनी आणला, म्हणून त्याला मिल्स बॉम्बही म्हणतात. त्याच्याच एका प्रकाराला 36 एम म्हणत, आणि त्यातला एम म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. तिकडच्या उष्ण, दमट हवेत ग्रेनेड टिकावा म्हणून त्याला लाखेचा लेप देऊन ओलावा आत शिरणार नाही अशी सोय केली होती. पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी तिकडच्या मोहिमेत होत्या, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात पुणे डिव्हिजनबरोबर अडकलेल्याही होत्या. पुढे इटलीत नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीच्या काठावर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तेव्हा हाताला जखम होऊन टॉमी गन चालवता येईना म्हणून त्यांनी ग्रेनेड हाती घेतले होते. आपल्याकडे 2021 मध्ये नागपूरला बनलेले नवे मल्टी-मोड ग्रेनेड येऊ लागले, तोवर पायदळाच्या हातात हाच छत्तीस नंबर होता. म्हणजे तो आपल्या भागातल्या माजी सैनिकाच्या ट्रंकेत निघणं यात नवल काहीच नाही. आणि तो लाखेचा लेप आठवा. ही वस्तू टिकावी म्हणूनच बनवलेली होती.

याची रचना समजायला सोपी आहे. आत एक स्प्रिंग दाबून धरलेली असते. स्प्रिंगला बाहेरची पट्टी, म्हणजे लिव्हर, अडवून धरते. लिव्हरला एक बारीक पिन अडवून धरते, आणि पिनेला ती कडी असते. ऐंशी वर्षांत पिनेचं काय झालं असेल? ती कधी शाबूत असते, तर कधी आतून गंजून केसाएवढी उरलेली असते, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मी असे ग्रेनेड बघितलेत, ज्यांची पिन एक्स-रेमध्ये नखाने तुटेल अशी दिसत होती. कुणी कडीला बोट अडकवून उचलला असता तर पिनेने किती दम धरला असता, सांगता येत नाही. पिन सुटल्यावर साधारण चार सेकंद हातात असतात, आणि माळ्यावरून चार सेकंदांत कुणी उतरत नाही.

तुम्ही लिहिलंय की गावातल्या एका गृहस्थांनी सांगितलं, खालचं बूच फिरवून उघडलं की डेटोनेटर, म्हणजे मुख्य स्फोटकाला चेतवणारा भाग, आहे की नाही ते दिसतं. असं अजिबात करू नका आणि त्यांनाही करू देऊ नका. ग्रेनेड साठवताना बऱ्याचदा डेटोनेटर वेगळा ठेवत, सरावाचे आणि कवायतीचे पोकळ ग्रेनेडही असत, हे सगळं खरं आहे. कदाचित तुमच्याकडचा तसाच पोकळ निघेलही. पण जो भाग जुनाट झाल्यावर सगळ्यात बेभरवशाचा होतो, तो नेमका त्या बुचाच्या मागे असतो.

हे थोडं सविस्तर सांगतो. लोकांना वाटतं, जुनी दारू म्हणजे सादळलेले फटाके, पेटणारच नाहीत. युद्धातली मुख्य स्फोटकं तशी नसतात. टीएनटी शंभर वर्षांनीही टीएनटीच राहतो, पाण्यात पडला तरी. बिघडतात ती त्याला चेतवणारी नाजूक रसायनं, आणि ती बिघडली की बहुतेक वेळा जास्त तापट होतात. डेटोनेटरमधलं लेड अझाइड ओल लागून तांब्याच्या संपर्कात आलं की त्यातून असे क्षार तयार होतात जे नुसत्या घासण्यानेही फुटू शकतात. पहिल्या महायुद्धातल्या पिक्रिक आम्लाच्या गोळ्यांतही धातूशी संयोग होऊन असेच क्षार होतात. काडतुसातली दारू वेगळ्या रीतीने म्हातारी होते, तिच्यातलं टिकाऊपणाचं रसायन संपत जातं आणि ती आतल्या आत तापू शकते. त्यामुळे जुनं झालं म्हणजे थंड झालं, असा हिशेब इथे लागत नाही. जर्मनीत गॉटिंगेन शहरात 1 जून 2010 रोजी दुसऱ्या महायुद्धातला बॉम्ब निकामी करण्याची तयारी चालू असताना तो फुटला आणि त्यात तीन तज्ज्ञ गेले. पासष्ट वर्षं जमिनीत पडलेला बॉम्ब, आणि समोर आयुष्यभर हेच काम केलेली माणसं.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे मी घाबरवण्यासाठी लिहितोय असं वाटणार नाही. एका गावात आम्हाला बोलावणं आलं. म्हातारी एकटी राहायची. तिच्या सासऱ्यांनी लढाईवरून आणलेला उखळी तोफेचा एक लहान गोळा घरात होता. एरवी तो मधल्या दाराला टेकू म्हणून असायचा. दर खंडेनवमीला ती तो चिंचेने घासून लख्ख करायची, विळी-कोयत्यांबरोबर पाटावर मांडायची, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहायची. तीसहून अधिक खंडेनवम्या. गोळ्याच्या टोकावरचा पितळी फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी कळ, घासून इतका गुळगुळीत झाला होता की त्यावरचे आकडे पुसून गेले होते. नातू सैन्यभरतीची तयारी करत होता, त्याने मोबाइलवर तशाच गोळ्याचा फोटो बघितला आणि त्याच्या पोटात गोळा आला. आम्ही एक्स-रे काढला. आत भरणा होता आणि फ्यूज पूर्ण होता. गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत नेऊन तो नष्ट केला. आवाज झाला तेव्हा म्हातारी शाळेच्या व्हरांड्यात बसली होती. तिने हात जोडले आणि विचारलं, "पोरं या दारातनं रांगत गेली हो माझी, तेव्हा?" मला काही उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

दुसरा प्रसंग थोडक्यात सांगतो. एका फायरिंग रेंजच्या कडेच्या वस्तीवर आम्ही स्फोटानंतर पोहोचलो. तोफेतून सुटलेला पण न फुटलेला गोळा, ज्याला लष्करात ब्लाइंड म्हणतात, एकाने भंगारात विकायला घरी आणला होता. गोळ्याभोवतीची तांब्याची पट्टी काढायला छिन्नी-हातोडा घेऊन तो अंगणात बसला होता. ब्लाइंड सगळ्यात वाईट, कारण सुटताना बसणाऱ्या हिसक्याने त्याचा फ्यूज सज्ज झालेला असतो, फक्त शेवटची ठिणगी काही कारणाने राहून गेलेली असते. छिन्नी आम्हाला बरीच लांब सापडली. तांब्याला किलोमागे मिळणाऱ्या पैशांसाठी माणूस गेला. रेंजजवळच्या गावांतल्या कुणी हे वाचत असाल तर घरातल्या मुलांना आजच सांगा, शेतात, ओढ्यात असलं काही दिसलं तर उचलायचं नाही, पायाने ढकलायचंही नाही.

आता मामांच्या सूचनेकडे वळू. नदीत टाकलं म्हणजे संपलं, असं वाटतं. 2011 च्या डिसेंबरात जर्मनीत कोब्लेंझजवळ ऱ्हाइन नदीचं पाणी खूप उतरलं आणि तळातून 1.8 टनांचा ब्रिटिश बॉम्ब वर आला. तो निकामी करेपर्यंत सुमारे 45,000 माणसांना घरं सोडून जावं लागलं. आपली कृष्णा तर दर उन्हाळ्यात उतरते. डोहाच्या तळाशी पोरं सूर मारतात, कुणी वाळू उपसतो, कुणी जाळं टाकतो. मुंबईचंच बघा. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. त्यात दारूगोळ्याबरोबर सोन्याच्या विटाही होत्या, आणि त्यातल्या काही विटा गाळ उपसताना 1970 च्या दशकातही मिळाल्या. गाळात गेलेली वस्तू नाहीशी होत नाही, कधीतरी कुणाच्या तरी हाती लागते. सोन्याची वीट लागली तर नशीब उघडलं, पण तुमचा गोळा ज्याच्या हाती लागेल त्याला तो काय आहे हे सांगायला कुणी नसेल.

विहिरीत टाकण्याचंही तेच. मे महिन्यात गाळ काढायला मजूर उतरतात. पुरून ठेवाल तर पुढचा जेसीबी तिथेच लागणार. जाळायचा विचार तर कुणी मनातही आणू नये. आणि भंगारवाल्याला देऊ नका, तो ते कुठे फोडेल आणि कोण शेजारी उभं असेल, हे तुमच्या हातात राहत नाही.

मग करायचं काय? माळ्यावरून सगळ्यांना खाली आणा. घरात म्हातारं माणूस, लहान मूल असेल तर त्यांना आधी बाहेर काढा. घराला कुलूप लावा आणि किमान शंभर मीटर लांब, मध्ये एखादी भक्कम भिंत येईल अशा ठिकाणी जा. छत्तीस नंबरचा ग्रेनेड पाऊण किलोच्या आसपास असतो, पण त्याचे लोखंडी तुकडे फेकणाऱ्यापेक्षाही लांब जाऊ शकतात, म्हणून सैनिकाला तो आडोशाआडून फेकायला शिकवतात. शेजाऱ्यांना सांगा, पण वाड्यासमोर गर्दी होऊ देऊ नका. फोटो आधी काढलेला असेल तर उत्तम. नसेल तर फोटोसाठी पुन्हा वर चढू नका. फोन बाहेर गेल्यावरच करा.

फोन 112 ला करा, किंवा सरळ तुमच्या पोलीस ठाण्याला. गावात असाल तर पोलीस पाटलांनाही कळवा. सांगताना "बॉम्ब सापडलाय" एवढंच म्हणू नका, त्याने गोंधळ उडतो. असं सांगा: "आजोबा सैन्यात होते, वारले. त्यांच्या जुन्या ट्रंकेत हातबॉम्बसारखी वस्तू आणि काडतुसं सापडली आहेत. माळ्यावर आहेत. अमुक वाजता दिसली. अमक्याने हात लावला होता, त्यानंतर कुणी लावलेला नाही. घर रिकामं केलंय." हात लावलेला असेल तर तो लपवू नका. पथकाला त्याचं महत्त्व असतं, कारण हललेल्या वस्तूकडे आम्ही वेगळ्या सावधगिरीने जातो.

आणि हे मला फार कळकळीने सांगायचंय: ती वस्तू स्वतः ठाण्यात घेऊन जाऊ नका. माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त वेळा अंगावर काटा आला तो याच कारणाने. कुणी पिशवीत घालून स्कूटरच्या हुकाला अडकवून आणलेला मोर्टारचा गोळा, कुणी एसटीतून मांडीवर धरून आणलेला. माणसं भली असतात, कायदा पाळायला निघालेली असतात. ठाण्यात टेबलावर ठेवलेला गोळा बघून अंमलदारही चक्रावतो. मग अख्खं ठाणं रिकामं करावं लागतं.

पोलीस आल्यावर काय होतं ते परिस्थितीवर अवलंबून असतं. जिल्ह्याचं बॉम्ब शोधक व नाशक पथक, म्हणजे बीडीडीएस, बहुतेक वेळा आधी येतं. वस्तू लष्करी आहे असं दिसलं तर लष्कराच्या पथकाला कळवलं जातं. कधी सगळं तीन तासांत उरकतं, कधी वाळूच्या गोण्या लावून, पहारा बसवून दोन-तीन दिवस वाट बघावी लागते. एक्स-रे काढला जातो. पोकळ निघाला तर विषय तिथेच संपतो. जिवंत निघाला किंवा शंका राहिली तर मोकळ्या जागी नेऊन नष्ट करतात, कधी आधी न्यायालयाची परवानगीही घ्यावी लागते. यात उशीर झाला तर चिडू नका. नोव्हेंबर 2018 मध्ये पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट झाला आणि सहा जण गेले, त्यात रोजंदारीवर पेट्या उचलणारी आसपासची माणसंही होती. रोजचं काम म्हणून जे करतात त्यांच्याकडेही हे काम असं उलटतं. म्हणून तुमच्या वाड्यात कुणी घाई करत नसेल तर ते बरंच आहे.

भावाच्या भीतीबद्दल आता. ती खोटी नाही, म्हणून उडवून लावत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात बॉम्ब, ग्रेनेड, तोफगोळे हे निषिद्ध दारूगोळ्याच्या व्याख्येत येतात आणि ते जवळ बाळगल्यास मोठी शिक्षा आहे. साध्या काडतुसांनाही परवाना लागतो. पण बाळगणं म्हणजे काय, हेही कायद्याने बघितलंय. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या 1972 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की ताब्यात जाणीव असावी लागते, म्हणजे वस्तू आपल्याकडे आहे हे माणसाला माहीत असावं लागतं. याचा तुमच्यापुरता अर्थ असा: काल ट्रंक उघडेपर्यंत तुम्हाला काही ठाऊक नव्हतं. उघडल्या क्षणापासून ठाऊक आहे. कळल्यावर लगेच कळवलं, तर गोष्ट सरळ आहे. कळल्यावर महिनाभर लपवून ठेवलं, नदीत टाकलं, कुणाला विकलं, आणि मग ते उघडकीला आलं, तर मात्र भावाला आज जी भीती वाटते तीच खरी होईल. आजोबांच्या मृत्यूची तारीख, वाडा कुणाच्या नावावर आहे, हे कागद हाताशी ठेवा; डिस्चार्ज बुक ट्रंकेत आहे, ते पथकाचं काम झाल्यावरच काढा. जबाब शांतपणे द्या, पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा, आणि कळवल्याची वेळ स्टेशन डायरीत नोंदली आहे ना ते विचारून घ्या.

माझ्या स्वतःच्या घरी हे झालंय. वडील वारल्यावर देव्हाऱ्याखालच्या खणात थ्री नॉट थ्रीची पाच काडतुसं निघाली, सुती कापडात बांधलेली. मी याच धंद्यातला, तरी आईसमोर क्षणभर माझ्याही मनात आलं की गुपचूप कुठेतरी लावून टाकावीत. नाही टाकली. ठाण्यात फोन केला, माणूस येऊन घेऊन गेला. मी अर्ज दोन प्रतींत लिहिला, एकीवर पोच घेतली. ठाण्यात तीन तास बसवून ठेवलं आणि तेच तेच प्रश्न तीनदा विचारले, हे खरं. वैताग आला. पण त्या पोचेचा कागद आजही फायलीत आहे आणि आईला त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. तुम्हाला एकटं जायला संकोच वाटत असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात फोन करा, किंवा गावातल्या एखाद्या माजी सैनिकाला बरोबर घ्या. साताऱ्यात तर प्रत्येक गल्लीत एक सुभेदार सापडेल. आपल्यातल्याच माणसाने शेजारी बसून "यांचे आजोबा अमक्या पलटणीत होते" म्हटलं की बोलण्याचा सूर बदलतो.

तुमच्या इतर दोन वस्तूंबद्दल. पितळी नळकांडं बहुधा तोफगोळ्याची रिकामी पुंगळी असेल. अशा पुंगळ्या फुलदाण्या, छत्र्या ठेवायचे उभे डबे म्हणून खूप घरांत आहेत आणि त्यातल्या बहुतेक खरंच रिकाम्या असतात. पण बुडाच्या मधोमध दारू पेटवणारी एक टोपी असते, ती न फुटलेली असू शकते. त्यामुळे तुमची पुंगळी आत्ता उलटी करून बघू नका. पथक येणारच आहे, त्यांना दाखवा. रिकामी निघाली तर परत मागा. मिळेलच असं नाही, ते तिथल्या अधिकाऱ्यावर आहे, पण मागायला हरकत नाही. काडतुसं ग्रेनेडच्या मानाने कमी धोक्याची, तरी चूल, वेल्डिंग यांच्या जवळ गेली तर फुटू शकतात. ती ट्रंकेतच राहू द्या. कुणाच्या घरात परवान्याची बाराबोअर असेल आणि परवानाधारक वारला असेल, तर त्याची वाट वेगळी आहे: शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, आणि वारसाला हवी असेल तर नंतर रीतसर परवान्यासाठी अर्ज करायचा.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एक ओळ, कारण मला असे निरोप येतात. जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर, विशेषतः उझेडोम बेटावर, लोक पिवळसर खडे कहरुबा म्हणजे अंबर समजून खिशात घालतात. तो युद्धातला पांढरा फॉस्फरस असू शकतो. खिशात वाळला की पेट घेतो. मुलांना समुद्रावर नेताना हे लक्षात ठेवा.

तुम्ही शेवटी लिहिलं होतं, "आजोबांची एवढीच आठवण आहे, ती सरकारजमा करायची का?" ताई, हे वाचून मी थोडा वेळ थांबलो. आजोबांनी तो ग्रेनेड का आणला असेल, मला माहीत नाही. बरोबरच्या कुणाची आठवण असेल. त्या पिढीतली माणसं बोलत नसत. पण त्यांची आठवण त्या लोखंडात नाही. ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक उघडा. पथकाचं काम झाल्यावर, घाई न करता. त्यात त्यांचा शिपाई नंबर असेल, पलटण असेल, बहुधा कुठे कुठे सेवा झाली तेही. त्या पलटणीच्या लढाया शोधा. मेडलं ब्रासोने घासू नका, मऊ कोरड्या फडक्याने पुसा, रिबिनी फाटल्या असतील तरी काढून टाकू नका. घरात ठेवायची सोय नसेल तर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात रेजिमेंटचं संग्रहालय आहे, तिथे पत्र लिहून विचारा. आणि ब्लँकेटवर पलटणीचा शिक्का असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, कापड फार दिवस टिकत नाही.

एक गोष्ट मात्र पथक निघण्याआधी त्यांच्याकडून करून घ्या. ज्या माणसाने एक वस्तू आणली, त्याने दुसरीही आणलेली असू शकते, आणि जुन्या वाड्यात लपवायच्या जागा ठरलेल्या असतात: भिंतीतलं बळद, कोनाड्यामागची पोकळी, देवघराचा पाट, जोत्याखालची फरशी, परसातला उकिरडा. त्यांच्याकडे मेटल डिटेक्टर असतो. माळा, बळद आणि ट्रंकेच्या आसपासची जमीन एकदा फिरवून बघायला सांगा, आणि ते झाल्यावरच ठेकेदाराला पुढची तारीख द्या.